राणीबागेत आधी झाडं बघा

राणीबागेत जाऊन आलो असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला. पेंग्विन बघितले का? वाघ दिसला का? उर्वशीच्या झाडाला फुलं होती का, हे कुणी विचारत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण भायखळ्याची ही बाग मुळात झाडांसाठी उभी राहिली. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या शेती-बागायतीच्या संस्थेची शिवडीची बाग दफनभूमीसाठी गेली आणि तिच्या बदल्यात ही नवी बाग वसली. १८६२ च्या नोव्हेंबरात गव्हर्नरची पत्नी लेडी फ्रिअर हिच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. प्राणिसंग्रहालय आलं ते १८९० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. आज या पन्नासेक एकरांत ब्रह्मदेश, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आपला सह्याद्री इथली झाडं एकमेकांच्या शेजारी वाढलेली दिसतात. मुंबईत हे दुसरीकडे कुठेही इतक्या सोयीनं बघायला मिळत नाही.

जायचं तर सकाळी, गेट उघडल्या उघडल्या. उन्हाचा त्रास टळतो हे आहेच, पण खरं कारण झाडलोट. रात्री आणि पहाटे गळलेली फुलं, फळं, साली हीच बघणाऱ्याची खरी सामग्री असते आणि दहा-साडेदहापर्यंत ती खराट्यानं गोळा होऊन जाते. ही झाडं पंधरा-वीस मीटर उंच आहेत. फूल वर शोधत बसलात तर मान दुखेल आणि हाती काही लागणार नाही. आधी जमीन बघा, मग खोड, मग फांदी. पडलेलं खुशाल उचला, तोडू मात्र काही नका.

कैलासपतीपासून सुरुवात करा. फुलं थेट खोडावर लोंबणाऱ्या काड्यांवर येतात, त्यामुळे डोळ्यांच्या उंचीवर दिसतात. फूल एका दिवसाचं, आणि वास सकाळी सगळ्यात जास्त. ताजं पडलेलं एक फूल तळहातावर घ्या. सहा जाड पाकळ्या, आत मधोमध पुंकेसरांचं एक आखूड कडं आणि त्यावर एका बाजूनं वळून आलेला फणा. हा फणासुद्धा पुंकेसरांचाच. या फुलात मध नाही. भुंगा फण्यातल्या परागासाठी आत घुसतो, तो पराग त्याचा खाऊ. तो खात असताना खालच्या कड्यातला पराग त्याच्या पाठीला लागतो आणि बीज धरतं ते या दुसऱ्या परागानं. शंकराच्या देवळापाशी लावतात म्हणून हे झाड आपलंच वाटतं, पण ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फळ तोफगोळ्याएवढं, चांगलंच वजनदार, आणि फुटलं की गराला घाण वास. झाडाखाली मुलांना उभं करून फोटो काढायचा मोह टाळा.

उर्वशी डिसेंबर ते मार्च-एप्रिल या काळात बघावी. लांब देठांवर उलटी लोंबणारी लाल फुलं आणि वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. हे झाड ब्रह्मदेशातलं. त्याला दमट हवा लागते, बी क्वचितच धरतं, म्हणून रोपं बहुधा गुटी कलमानं करतात. इतकी वर्षं टिकलेलं झाड गेलं की तसं दुसरं उभं करायला एक पिढी जाते. फुलांचा हंगाम नसला तरी नवी पालवी जरूर बघा. कोवळी पानं तांबूस-जांभळट असतात आणि पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखी लोंबतात. झाडाला पाणी कमी पडलंय असं बघणाऱ्याला वाटतं, पण तसं नसतं. त्या पानांत हरितद्रव्य अजून भरलेलं नसतं, काही दिवसांत ती हिरवी आणि ताठ होतात. सीता अशोकाची पालवीही अशीच, दोघं एकाच कुळातले. सीता अशोकाच्या फुलाला तर पाकळ्याच नसतात. आपण पाकळ्या समजतो ती निदलं, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं. आधी पिवळी-केशरी, मग लाल होत जातात, म्हणून एकाच गुच्छात सगळे रंग सापडतात. सोसायटीच्या कुंपणाला लावलेला उंच सरळसोट 'अशोक' हा नव्हे, ते वेगळंच झाड आहे.

गोरखचिंचेसाठी, म्हणजे बाओबाबसाठी, दोन फेऱ्या हव्यात. उन्हाळ्यात पानं गेलेली असताना नुसतं खोड बघायला एक, आणि पहिल्या पावसाच्या आसपास फुलांसाठी दुसरी. पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, परागण बहुतेक वटवाघळं करतात आणि सकाळी फूल खाली पडलेलं मिळतं. खोडाच्या घेरावरून वय सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. लाकूड मऊ, त्यात पाण्याचा साठा, जुनी खोडं आतून पोकळ. लाकडातली वाढीची वर्तुळं मोजून वय काढणंही सोपं नाही. आणि त्या गुळगुळीत सालीवर बदाम-बाण कोरणाऱ्यांना तिथल्या तिथे हटका.

ओळख पटवायला मोबाईलचं अ‍ॅप वापरता ना? ते चुकतं, कारण आपण लांबून एकाच हिरव्या पुंजक्याचा फोटो देतो. पानाची पुढची बाजू, मागची बाजू, फांदीवरची मांडणी, साल आणि जमिनीवरचं फूल किंवा फळ असे वेगवेगळे फोटो द्या. सगळ्यात मोठी गफलत पान आणि पर्णिका, म्हणजे संयुक्त पानाचा एक छोटा भाग, यांत होते. देठाच्या बेचक्यात कळी असेल तर ते पान. कळी नसेल तर ती पर्णिका, आणि अख्खं पान त्याहून मोठं. एवढं कळलं तरी निम्मे घोळ मिटतात. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि असली तर साधी दुर्बीण पुरे.

आता एक आग्रहाची गोष्ट. कुठल्याही शहरी बागेत जुन्या झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी किंवा पेव्हर ब्लॉक आलेले दिसले तर ते सुशोभीकरण समजू नका. पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या फूट-दोन फुटांत असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. माती दाबली गेली की हवा आणि पाणी बंद. झाड लगेच मरत नाही, म्हणून दोष कुणाच्या लक्षात येत नाही. काही वर्षांनी शेंडे वाळू लागतात आणि मग एखाद्या पावसात ते कोसळतं. बुंध्याभोवती मोकळी माती आणि त्यावर गळलेला पाचोळा एवढंच त्याला लागतं. पाचोळा हा कचरा नाही. २००७ नंतर राणीबागेच्या मोठ्या पुनर्विकासाचा आराखडा पुढे आला तेव्हा नागरिकांनी चिकाटीनं विरोध केला आणि झाडांसाठी भांडण मांडलं, त्याचं महत्त्व इथेच आहे. पिंजरा हलवता येतो, शंभर वर्षांचं झाड हलवून जगवणं फार अवघड.

भायखळा स्टेशनवरून पूर्वेला उतरून चालत जाता येतं. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. रविवार टाळा. एका फेरीत पाच-सहा झाडंच घ्या, आणि मुलं सोबत असतील तर पेंग्विन शेवटी ठेवा, नाहीतर झाडांकडे ती वळणारच नाहीत.