नुसता शेकर पळवून ऑक्सिजन वाढत नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी लेखात लिहिलं होतं की ऑक्सिजन कमी पडला की स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या तंतूंनी वाढणाऱ्या मातीतल्या जिवाणूत अ‍ॅक्टिनोऱ्होडिन हे रंगीत प्रतिजैविक (अँटिबायोटिक) घटतं. तुमचं म्हणणं, शेकर (फ्लास्क हलवणारं यंत्र) 180 वरून 250 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 250 फेऱ्यांवर, नेला तर त्याचा निळा रंग उलट फिका झाला, फॉस्फेट आणि पीएच मी गाळलेत, आणि "लिहिण्याआधी लेखकाने एकदा फ्लास्क हलवून पाहावा."

या शेवटच्या वाक्याची गरज होती का? चौदा वर्षं फर्मेंटरवर काढली आहेत. फ्लास्क कसा हलवतात ते माहीत आहे.

आधी माझी चूक. 30 अंशांना लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, हा मी दिलेला आकडा शुद्ध पाण्याचा. साखर-क्षारांच्या मीडियममध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) त्याहून कमी विरघळतो. दुरुस्त करतो.

आता तुमचे 250 आरपीएम. मीडियम किती घेतलं, ते सांगितलंच नाहीत! 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 100 मिली भरलं असेल तर कितीही पळवा, हवेला भिडणारा पृष्ठभाग अपुराच. मी 50 मिलीच्या वर जात नाही. स्टीलची स्प्रिंग टाकली होती? नसेल तर तंतूंच्या गोळ्या होतात, बाहेरचा थर ऑक्सिजन संपवतो आणि मधला भाग उपाशी राहतो. आणि कापसाचा बोळा? 250 ला मीडियम उडून तो भिजतो, आणि ओला बोळा म्हणजे बूचच. काढून पिळून बघा. थेंब पडला, तर ऑक्सिजन वाढवायला गेलात आणि हवाच बंद केलीत. विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या डीओ प्रोबचा एकही आकडा नसताना "ऑक्सिजन वाढवला" कशाच्या जोरावर म्हणता?

रंग डोळ्यांनीच ठरवलात ना? अ‍ॅक्टिनोऱ्होडिन आम्लात लाल आणि अल्कलीत निळं दिसतं. कल्चरमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड 1 नॉर्मल होईल इतकं मिसळा, सेंट्रिफ्यूज करा, वरच्या द्रवाचा अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला ते) 640 नॅनोमीटरला वाचा आणि पेशींच्या कोरड्या वजनाने भागा. नुसते रंगच बघायचे तर रंगपंचमी काय वाईट?

फॉस्फेट-पीएच हा त्या लेखाचा विषयच नव्हता. (हो, पीएचने रंग बदलतो हे आत्ता मीच लिहिलं. तो मोजण्याचा मुद्दा झाला.) फॉस्फेट जास्त झालं की उत्पादन दबतं, हे एमएस्सीच्या पोरांनाही ठाऊक असतं.

बोळा बघा, मीडियमचे मिली कळवा, मग बोलू.