पहिल्या दिवसाचा आकडा डोक्यावर घेऊ नका

नवं प्रॉडक्ट बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: ‘काम गुपचूप पूर्ण करा, मग एकाच दिवशी धडाक्यात लाँच करा. पहिल्या दिवशी किती लोक आले त्यावरून भवितव्य कळतं. वस्तू खरंच चांगली असेल तर लोक आपणहून येतात.’ मी हा सल्ला अक्षरशः पाळला आणि आठ महिने घालवून बसले. त्यामुळे तो दुसऱ्या कुणी पाळताना पाहिला की जीव तुटतो.

गुपचूपपणाचं आधी. पेटंट घ्यायचं असेल किंवा वैद्यकीय उपकरण असेल तर गोष्ट वेगळी, पण बुकिंगचं किंवा हिशेबाचं ॲप लपवून काहीच वाचत नाही. कल्पना चोरायची ताकद ज्यांच्याकडे आहे, ते आपापल्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले असतात. अजून कुणीच वापरत नसलेली वस्तू उचलायला त्यांना सवड नसते.

आता पहिल्या दिवसाचा आकडा. क्वीबी या व्हिडिओ सेवेने १७५ कोटी डॉलर उभे केले, एप्रिल २०२० मध्ये प्रचंड गाजावाजा करून ती सुरू झाली, आणि पहिल्या आठवड्यात तिचे लाखो डाउनलोड झाले. त्याच वर्षी १ डिसेंबरला ती बंद पडली. महामारीचा फटका तिला बसला हे मान्य, पण मोठं लाँच तिला तारू शकलं नाही हेही तितकंच खरं. याउलट लोकांच्या घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने मार्च २००८ मध्ये एका मोठ्या संमेलनाचं निमित्त साधून लाँच केलं, तेव्हा बुकिंग आली दोन, आणि त्यातलं एक संस्थापकांपैकीच एकाचं! त्यांनी त्यानंतर पुन्हा लाँच केलं. फारसं कुणी पाहिलंच नव्हतं, तर पुन्हा करायला अडवणार कोण?

‘लोक आपणहून येतात’ हे तर सगळ्यांत घातक. त्याच एअरबीएनबीचे संस्थापक २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन घरमालकांच्या दारात उभे राहिले आणि त्यांच्या घरांचे फोटो स्वतः काढून दिले. हॉटेलचं जेवण घरपोच देणारं डोअरडॅश २०१३ मध्ये सुरू झालं ते एका साध्या वेबपेजवर, मेनूच्या पीडीएफ टाकून. ऑर्डर आली की संस्थापकच जेवण पोचवायला निघत. वेबसाइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणाऱ्या स्ट्राइपचे संस्थापक कॉलिसन बंधू ‘लिंक पाठवतो’ म्हणत नसत. समोरच्याचा लॅपटॉप मागून घेऊन तिथल्या तिथे सगळं जोडून देत.

यावर हमखास प्रश्न येतो: असं हाताने किती जणांपर्यंत पोचणार? फार नाही. पण आकडा वाढवण्यासाठी हे करायचंच नसतं. आपण कुठे चुकतोय ते दुसऱ्या कुठल्याही वाटेने इतक्या लवकर दिसत नाही.

आमचं ॲप दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटसाठी होतं. लाँचच्या दिवशी नोंदण्या चांगल्या झाल्या, आम्ही पेढे वाटले. पंधरा दिवसांनी वापरणारे सात दवाखाने उरले. त्यातल्या एका दवाखान्यात मी रिसेप्शनवरच्या ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी पेशंटचं नाव टाकलं, वेळ निवडली, ‘सेव्ह’ दाबलं. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि तीच यादी पुन्हा वर आली. त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली आणि तीच वेळ पेनाने लिहून ठेवली.

‘झालं की नाही ते कळत नाही ना, मॅडम,’ त्या म्हणाल्या.

आठ महिने आम्ही रंगांवर वाद घातला होता. नोंद झाली हे समोरच्याला सांगायला हवं, हे एकालाही सुचलं नव्हतं. सोडून गेलेल्या दवाखान्यांतही हेच घडलं असेल, पण तिथे बघायला आमच्यापैकी कुणी नव्हतं. ‘छान आहे’ म्हणणारे मित्र हे सांगू शकत नव्हते, कारण त्यांच्यासमोर पेशंट उभा नव्हता.

म्हणून मोजायचंच असेल तर पुढच्या आठवड्यात किती जण परत आले ते मोजा, आणि जे आले नाहीत त्यांना फोन करून का आले नाहीत ते विचारा. हे समजण्याआधी जाहिरातीवर पैसे ओतू नका; गळक्या पिंपात पाणी भरण्यासारखं आहे ते.

त्या संध्याकाळी आम्ही ‘सेव्ह’नंतर एक हिरवी ओळ टाकली: नाव, तारीख, वेळ, ‘नोंद झाली’. दुसऱ्या मोठ्या लाँचची तयारी चालली होती, ती तिथेच थांबवली आणि उरलेल्या सहा दवाखान्यांना फोन लावायला बसलो.