महिनाभर बंद ठेवलेल्या गाडीतल्या पेट्रोलचं पाणी होत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सुट्टीत गावी जाणारी मुलं आणि लेकीकडे परदेशी निघालेले आजी-आजोबा तो मनावर घेतात: ‘पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, महिन्यात त्याचं पाणी होतं. टाकी रिकामी करा आणि शेजाऱ्यांना रोज पाच मिनिटं गाडी चालू करायला सांगा.’ यातला इथेनॉलचा आकडा तेवढा बरोबर आहे.

इथेनॉल ओलावा ओढतं हे खरं, पण झाकण घट्ट असेल तर टाकीत बाहेरची हवा फारच थोडी शिरते. आत आलेलं थोडं पाणी इथेनॉल स्वतःत सामावून घेतं. पाणी वेगळं होऊन तळाशी बसायला ते बरंच शिरावं लागतं, म्हणजे पावसात उघड्यावर उभी गाडी आणि झाकणाचं गेलेलं रबर.

टाकी रिकामी करणं तर उलटंच. पत्र्याच्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी आतून धरतं आणि गंज चढतो. टाकी जवळजवळ भरून ठेवा, फक्त गळ्यापर्यंत नको.

खरी अडचण या मेसेजमध्ये नाहीच. ती आहे जुन्या दुचाकीच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, त्याच्या खालच्या वाटीत (फ्लोट चेंबरमध्ये). तिथलं चमचाभर पेट्रोल हळूहळू उडतं, मागे चिकट थर राहतो आणि पायलट जेटचं, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल देणाऱ्या नळीचं, केसाएवढं भोक बुजतं. गॅरेजवाला ‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय’ म्हणतो तेव्हा अनेकदा हाच थर असतो. म्हणून जुन्या मोटरसायकलचा टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. हाताने फिरवायचा कॉक नसेल, तर वाटीचा ड्रेन स्क्रू मेकॅनिककडून सैल करून ती रिकामी करून घ्या. २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतरच्या बहुतेक दुचाकींना कार्ब्युरेटरऐवजी इंधनाचं इंजेक्शन आहे, त्यांना ही वाटीच नसते.

रोजच्या पाच मिनिटांचा मला सर्वात राग येतो. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. जळताना तयार झालेली वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते, आणि सेल्फने खाल्लेलं चार्जिंगही पुरतं भरून येत नाही. बेसमेंट पार्किंगमध्ये तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, तो जिवावर बेतू शकतो. शेजारी तयार असतील तर आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवू देत. नाहीतर बॅटरीची वायर काढा आणि गाडीला हात लावू नका.

परतल्यावर पेट्रोलला आंबूस, रंगासारखा वास आला तर सेल्फ मारत बसू नका, आधी ते काढून घ्या.