सीएफएल फुटला तर घाबरू नका, पण झाडूही घेऊ नका

सीएफएल, म्हणजे वळवलेल्या काचेच्या नळीच्या बल्बविषयी एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे बल्ब फुटला की खोलीभर विषारी वायू होतो, पारा थेट मेंदूत जातो. म्हणून तुकडे ताबडतोब झाडून कचऱ्यात टाका, आणि एलईडीतही हेच विष असतं. सीएफएलमध्ये पारा असतो, एवढं खरं. झाडण्याचा सल्ला मात्र घातकच.

आधी प्रमाण पाहू. एका सीएफएलमध्ये साधारण 5 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पारा असतो. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये सुमारे 500 मिलिग्रॅम. बंद, थंड बल्बमधला बहुतेक पारा आतल्या पांढऱ्या भुकटीत आणि काचेवर बसलेला असतो. फुटल्यावर त्याची वाफ हळूहळू, काही दिवस होत राहते. म्हणजे पळ काढायची गरज नाही, पण भुकटी घरात राहता कामा नये.

झाडू मारला की हीच भुकटी उडते आणि झाडूला चिकटून दुसऱ्या खोलीत पोचते. व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट: तो वाफ आणि भुकटी हवेत फेकतो, वर स्वतःही दूषित होतो. त्याऐवजी माणसं आणि पाळीव प्राणी बाहेर काढा, खिडक्या उघडा, एसी बंद करा आणि 5 ते 10 मिनिटं खोलीत जाऊ नका. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काच उचला, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या टिश्यूने फरशी पुसा. वापरलेलं सगळं धातूचं झाकण असलेल्या काचेच्या बरणीत बंद करून बरणी घराबाहेर ठेवा. पातळ प्लास्टिक पिशवीतून वाफ निसटू शकते. पुढचे काही तास खिडक्या उघड्याच ठेवा. चादरीवर काच-भुकटी सांडली असेल तर ती मशीनमध्ये धुऊ नका, टाकूनच द्या.

रोजच्या कचऱ्यात सीएफएल नको. गाडीत दाबला गेला की तो तिथे फुटतो. ई-कचरा किंवा घरगुती घातक कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या, तोवर मूळ खोक्यात ठेवा. बल्ब काढताना आधी थंड होऊ द्या आणि खालचा प्लास्टिकचा भाग धरून फिरवा. काचेची नळी पिळली की ती हातातच तुटते.

एलईडीत पारा नसतो. फुटला तर खुशाल झाडा. आत सर्किट असल्याने तोही ई-कचऱ्यातच द्या. सीएफएलसारखा पारा असतो तो जुन्या, एलईडी नसलेल्या ट्यूबलाइटमध्ये, जिचं मेसेजमध्ये नावही नाही. काचेची जुनी ट्यूब फुटली तर सीएफएलचीच पद्धत वापरा, फक्त काच बरीच जास्त निघेल.