परदेशातून फोन पाठवताय? आधी त्याचं कुलूप काढा

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, पण वाचा.

ओळखीतल्या एका मावशींना मुलाने परदेशातून आयफोन पाठवला. सीलबंद, खोक्यातला. मावशींनी आपलं सिम त्यात घातलं, तर पडद्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’. त्यांनी सिम काढलं, पुसलं, परत घातलं. एका दुकानात सांगितलं, सेटच खराब आहे. दुसऱ्या दुकानात सांगितलं, चिप टाकून चालू करून देतो. आणि मावशी सगळ्यांना सांगतायत, “माझ्याच हातून काहीतरी बिघडलं, त्याला कळवू नका, वाईट वाटेल त्याला.”

मावशींच्या हातून काही बिघडलेलं नाही. फोन ठणठणीत आहे. मुलाने तो तिथल्या मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतला आणि हप्ते फिटेपर्यंत तो त्या कंपनीला बांधलेला आहे. यालाच लॉक म्हणतात, तेच हे कुलूप. दुसरं कुठलंही सिम तो घेणार नाही, मग ते कितीही वेळा पुसा.

फोन घेताना हे कुठेतरी लिहिलेलं असतंच. वाचतं कोण? बरं, लॉक आहे की नाही हे बघायला मिनिटसुद्धा लागत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट, तिथे खाली ‘कॅरियर लॉक’. समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर मोकळा. दुसरं काहीही लिहिलेलं असेल तर अडकलेला. अँड्रॉइडमध्ये सगळीकडे अशी सरळ ओळ नसते, पण त्याहून पक्की परीक्षा आहे: तिथेच, त्याच देशात, दुसऱ्या कंपनीचं सिम घाला आणि एक कॉल लावा. मित्राचं सिम दोन मिनिटं मागून घ्या. इतकंच.

आणि हे तिथेच का करायचं, तर कुलूप काढायची किल्ली फक्त ते लावणाऱ्या कंपनीकडे असते. अॅपलचं दुकान काढत नाही, इथला मेकॅनिक काढू शकत नाही. कंपनीच्या अटी साधारण ठरलेल्या असतात: सगळे पैसे फिटलेले हवेत, फोन ठरावीक दिवस त्यांच्या नेटवर्कवर चाललेला हवा, चोरीची तक्रार नको. आयफोनचं अनलॉक कंपनीने मंजूर केलं की ते अॅपलच्या सर्व्हरवर नोंदलं जातं. मग नवीन सिम घातलं की झालं, नाहीतर बॅकअप घेऊन फोन पूर्ण पुसून पुन्हा सुरू करायचा. काही कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये अनलॉकचं अॅप आतच असतं, पण काही ठिकाणी ते त्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालतं. म्हणजे फोनने देश सोडला की अॅपचा उपयोग होईलच असं नाही. आणि कोड टाकून उघडणाऱ्या फोनवर अंदाजपंचे आकडे मारू नका. चुकीच्या कोडची मर्यादा असते, ती संपली की खरा कोडही चालत नाही.

हप्ते अर्धवट सोडून देश सोडला तर आणखी वाईट. कंपनी त्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, काळ्या यादीत टाकू शकते, आणि ती यादी अनेक देशांतल्या कंपन्या एकमेकांना देतात. मग अनलॉकही नाही आणि नेटवर्कही नाही.

ती “चिप” काय असते तेही सांगते. सिमला चिकटवायची एक पातळ पट्टी असते, ती फोनला फसवून सिम मूळ कंपनीचंच आहे असं भासवते. कुलूप तसंच राहतं. एक सॉफ्टवेअर अपडेट आला की फोन पुन्हा बंद, पुन्हा दुकान, पुन्हा पैसे. मावशींना मी ठामपणे “चिप नको” म्हणून सांगितलंय.

हो, मान्य आहे, सगळीकडे असं नाही. कॅनडात 1 डिसेंबर 2017 पासून फोन अनलॉक करूनच विकावे लागतात. जपानमध्ये ऑक्टोबर 2021 पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून लॉक करून विकायला बंदी आहे. पण त्याआधीचे जुने सेट अजून हातोहात फिरतायत, आणि अमेरिकेत मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेले फोन अजूनही सहसा लॉक करूनच मिळतात.

आता समजा लॉक नाही. तरी सुटलात असं नाही. इथून पुढचा घोळ जास्त वाईट, कारण तो लगेच दिसत नाही. रेंज पूर्ण, इंटरनेट झकास, आणि कॉल लावला की कट. आजकाल कॉल 4जीवरून जातो, त्याला व्होल्टी म्हणतात, आणि त्यासाठी फोनमध्ये त्या त्या कंपनीची सेटिंग्ज आधीपासून भरलेली लागतात. तुमचं मॉडेल त्या देशात विकलंच जात नसेल तर बहुतेकदा ती नसतात. पूर्वी असा फोन कॉलपुरता 2जी किंवा 3जीवर उतरायचा आणि काम भागायचं. ते नेटवर्क बंद झाले की फोन उतरणार कुठे? ऑस्ट्रेलियात 2024च्या ऑक्टोबरअखेरीला 3जी बंद झालं, तेव्हा 4जीवरून तातडीचा कॉल लावू न शकणारे फोन नेटवर्कवरून काढूनच टाकले. इंटरनेट चालणारे फोन! कारण अपघात झाला आणि मदतीचा फोन लागलाच नाही, तर त्या इंटरनेटचं काय करायचं? मावशींसारख्या एकट्या राहणाऱ्या माणसाच्या हातात असा फोन देणं मला तर भीतीदायक वाटतं.

म्हणून खोक्यावरचं नाव बघू नका, मॉडेल नंबर बघा. एकाच नावाच्या फोनचे देशोदेशी वेगळे प्रकार असतात आणि त्यांचे बँड, म्हणजे फोन पकडू शकतो ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे, वेगळे असतात. अमेरिकेत 600 मेगाहर्ट्झचा बँड 71 आणि 700चे बँड 12, 13. युरोपात 800चा बँड 20. हे कमी फ्रिक्वेन्सीचे बँडच भिंतींच्या आत आणि गावाबाहेर लांबवर पोचतात. ते फोनमध्ये नसतील तर रस्त्यावर रेंज आणि घरात शुकशुकाट. 5जीसाठी बऱ्याच देशांत एन78 हा बँड लागतो, तो आहे का बघा. आयफोनच्या पार्ट नंबरच्या शेवटची अक्षरंही बोलतात: एलएल म्हणजे अमेरिका, झेडपी म्हणजे हाँगकाँग, सीएच म्हणजे चीन, जे म्हणजे जपान. पहिलं अक्षर एम असेल तर नवा, एफ असेल तर दुरुस्त करून विकलेला, एन असेल तर बदलून दिलेला.

सिमचा ट्रे आहे का तेही बघा. अमेरिकेतल्या आयफोनना 2022 मध्ये आलेल्या 14 पासून ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं, काढता न येणारं सिम. 2025च्या 17 मालिकेपासून जपान, कॅनडा, मेक्सिको आणि आखातातल्या बऱ्याच देशांतही तसंच. ई-सिम वाईट नाही, मी स्वतः वापरते. पण म्हाताऱ्या माणसाचा फोन पडून बंद झाला तर सिम काढून जुन्या फोनमध्ये घालता येत नाही. कंपनीकडून नवीन ई-सिम घ्यावं लागतं आणि त्याचा ओटीपी बंद पडलेल्या फोनवरच्या नंबरलाच आला तर काय करणार?

सॅमसंगच्या काही फोनवर प्रदेशाचं कुलूप असतं. खोक्यावर बारीक स्टिकर असतो: अमुक प्रदेशातलं सिम घालून आधी 5 मिनिटं बोला, मग बाहेरचं सिम चालेल. पाच मिनिटं! तिथे असताना फुकटात होणारं काम, फोन इथे आल्यावर त्यासाठी तिथलं सिम कुठून आणणार?

काही देश तर बाहेरच्या फोनचा आयएमईआय नोंदवायलाच लावतात. तुर्कस्तानात 120 दिवसांनंतर नोंद नसलेला फोन बंद होतो आणि नोंदणीचा कर जबर आहे. इंडोनेशियात कस्टमकडे नोंद करावी लागते. *#06# दाबा, दोन आयएमईआय दिसले तर दोन्हींची नोंद करा. एकच नोंदवला की दुसरा सिम स्लॉट मरतो.

आणि स्वतः वापरलेला फोन देत असाल तर स्वतःचं खातं काढा. फाइंड माय (हरवलेला आयफोन शोधायची सोय) बंद करा, आयक्लाउडमधून किंवा गूगल खात्यातून साइन आउट करा, मग रीसेट. खातं तसंच ठेवून नुसता पुसला तर फोन सुरू होताना तुमचाच पासवर्ड मागतो. वॉरंटीबद्दल थोडक्यात: बऱ्याच कंपन्या ती विकलेल्या देशापुरतीच पाळतात. चार्जरची काळजी नको, 100 ते 240 व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त प्लगचं अॅडॉप्टर पुरतं.

कोणी म्हणेल, एवढं कोण बघत बसणार, बहुतेक फोन चालतातच की. चालतात, मोकळे विकत घेतलेले बहुतेक चालतात. पण जो चालत नाही तो नेमका अशा माणसाच्या हातात जातो जो दुकानदाराशी वाद घालू शकत नाही आणि दोष स्वतःकडे घेतो. मुलाने प्रेमाने पाठवलाय, त्याच्यावर माझा राग नाही. राग लॉक लावून विकणाऱ्यांवर आहे आणि “सेट खराब आहे” म्हणून हात झटकणाऱ्यांवर आहे.

मावशींच्या मुलाशी बोलणं झालंय. उरलेले हप्ते तो एकरकमी भरतोय, मग अनलॉकचा अर्ज. तोवर मावशींचं सिम जुन्या फोनमध्ये परत घातलंय.

तुमच्यापैकी कोणी फोन पाठवणार असेल, तर विकत घेण्याआधी खोक्यावरच्या लेबलचा फोटो मला इनबॉक्समध्ये टाका, बँड आणि व्होल्टीचं बघून सांगते. आयएमईआयवर बोट ठेवून फोटो काढा, तो नंबर कमेंटमध्ये तर अजिबात टाकू नका. मला फक्त मॉडेल नंबर आणि फोन कुठल्या देशात वापरायचा आहे तेवढं हवंय.