'ब्राउझर बदलून काय दिवे लागणार' वाल्या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज मला तीन ग्रुपवर आलाय एव्हाना. सोसायटीचा ग्रुप, दहावीची बॅच आणि आत्याने स्वतः पाठवून "हे खरं का रे?" असं विचारलंय ते वेगळंच. "क्रोम सोडून दुसरीकडे पळणाऱ्यांनो, वेळ फुकट घालवताय" अशी सुरुवात आणि मग सात मुद्दे. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: सगळे ब्राउझर आतून क्रोमच, फायरफॉक्स पण गूगलच्याच पैशावर जगतो, क्रोम सगळ्यात फास्ट, बँका आणि सरकारी साइट क्रोमशिवाय चालत नाहीत, बदलताना पासवर्ड-बुकमार्क सगळं उडतं, प्रायव्हसी पाहिजे तर इन्कॉग्निटो आहेच, आणि शेवटी, बदलायचाच असेल तर भारतीय ब्राउझर घ्या.

मी फायरफॉक्सवाला आहे हे आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको. पण सगळ्यांनी क्रोम काढून टाका असं माझं अजिबात म्हणणं नाहीये, माझ्याच लॅपटॉपवर आहे तो. फक्त न बदलायची म्हणून जी कारणं दिलीयेत ती बघा जरा.

"सगळे आतून क्रोमच." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त डोक्यात जातं. मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी २०२० पासून क्रोमियमवर (म्हणजे क्रोमचा सगळ्यांना खुला असलेला पाया) आहे, ऑपेराने २०१३ मध्येच स्वतःचं इंजिन, म्हणजे पान काढून दाखवणारा आतला भाग, सोडलं, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगच्या फोनमधला तो सॅमसंग इंटरनेट, सगळे त्याच घरातले. पण फायरफॉक्सचं गेको वेगळं, सफारीचं वेबकिट वेगळं. आणि गंमत ऐका, क्रोमचं ब्लिंक नावाचं इंजिन आहे ना, ते २०१३ मध्ये या वेबकिटमधूनच फुटून निघालं, आणि वेबकिट आलं लिनक्सवरच्या कॉन्करर नावाच्या ब्राउझरच्या केएचटीएमएल इंजिनमधून. म्हणजे 'आतून कोण' हाच हिशोब लावायचा तर क्रोम आतून कॉन्करर! त्याहून भारी म्हणजे आयफोन. आपल्याकडच्या आयफोनवर कुठलाही ब्राउझर टाका, पान काढायचं काम अ‍ॅपलचं वेबकिटच करतं, तसा नियमच आहे त्यांचा (युरोपात २०२४ पासून कायद्याने सूट मिळाली, आपल्याकडे नाही). म्हणजे ज्याने हा मेसेज आयफोनवरून पुढे ढकलला असेल त्याचा क्रोमच आतून क्रोम नाहीये.

बरं, आणि इंजिन एक असलं म्हणून ब्राउझर एक कसा होईल? हरभऱ्याची डाळ एकच असते, तिचंच पुरण होतं आणि तिच्याच कटाची आमटी होते, म्हणून कोणी पोळीत आमटी भरत नाही. इंजिन पान काढून दाखवतं. काय अडवायचं, कुठली माहिती कुठे पाठवायची, कुठलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचं छोटं अ‍ॅप) चालू द्यायचं, हे ब्राउझर बनवणारा ठरवतो.

आत्याचंच उदाहरण देतो. तिच्या लॅपटॉपवर मी युब्लॉक ओरिजिन टाकून दिलं होतं, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, आणि पुढे दोन-तीन वर्षं तिचा या विषयावर एकही फोन आला नाही. गेल्या वर्षी आला. "अरे, हे डाऊनलोड डाऊनलोड काय लिहून येतंय सगळीकडे?" जाऊन बघितलं तर तिला एका पोथीची पीडीएफ हवी होती, पानावर हिरवी तीन बटणं, तिन्हीवर 'डाऊनलोड', आणि खरी लिंक खाली बारीक अक्षरात निळी. तिने अर्थात सगळ्यात मोठं बटण दाबलं होतं आणि आता उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस' असं नोटिफिकेशन येत होतं. ते परवानगी काढून बंद केलं, पण मूळ कारण हे की क्रोमने ते एक्स्टेन्शनच बंद करून टाकलं होतं.

झालं असं की क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही-थ्री म्हणतात त्याला. आधी एक्स्टेन्शनला पानातून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी समोर थांबवून 'हिला जाऊ द्यायचं की नाही' हे स्वतः ठरवता यायचं. आता त्याने नियमांची यादी ब्राउझरच्या हातात द्यायची आणि ब्राउझर ती लावणार. २०२४ च्या जूनपासून हळूहळू जुनी एक्स्टेन्शनं बंद करायला घेतली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत विषय संपला. गूगलने सुरक्षेचं कारण दिलं, आणि ते अगदीच खोटं नाही, कारण सगळी मागणी बघू शकणारं एक्स्टेन्शन उद्या चोराच्या हाती गेलं तर काय घ्या. पण ज्या कंपनीची कमाईच जाहिरातींवर आहे तिने जाहिराती अडवणाऱ्याचे हात बांधले की लोक बोलणारच ना. युब्लॉकची लाइट आवृत्ती क्रोमवर चालते, बऱ्याच साइटवर पुरते पण. पण पूर्ण वालं फायरफॉक्सवर अजून चालतं, अगदी अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर सुद्धा, आणि फोनवरच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शन टाकायची सोयच नाही. ब्रेव्हने जाहिराती अडवायचं काम एक्स्टेन्शनवर न सोडता ब्राउझरमध्येच घातलंय त्यामुळे त्याला या भानगडीचा फरक पडला नाही. इंजिन तेच. सांगा आता, सगळे सारखे का?

"फायरफॉक्स गूगलच्याच पैशावर जगतो." हो, जगतो. सर्चच्या चौकटीत गूगल डिफॉल्ट ठेवायचे पैसे मिळतात आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या कमाईतला फार मोठा भाग तोच आहे. पण मग याच न्यायाने अ‍ॅपल पण गूगलचाच म्हणा, कारण सफारीत डिफॉल्ट राहण्यासाठी गूगलने २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या कोर्टात बाहेर आलंय. त्याच केसमध्ये न्यायाधीश अमित मेहतांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला की गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली. ती सर्चची चौकट सेटिंगमध्ये जाऊन अर्ध्या मिनिटात बदलता येते. मोझिला पण काही धुतल्या तांदळासारखी नाही हां. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या अटी आणल्या आणि 'आम्ही तुमचा डेटा कधीच विकत नाही' हे जुनं वाक्य काढून टाकलं, लोक भडकले, मग शब्द फिरवून पुन्हा लिहावं लागलं. मी पण तेव्हा दोन दिवस दुसरं काही बघत होतो.

"क्रोम सगळ्यात फास्ट." अ‍ॅपल, गूगल, मोझिला या तिघांनी मिळून वेग मोजायची एक चाचणी बनवलीये, स्पीडोमीटर ३, मार्च २०२४ ची, ती स्वतःच्या मशीनवर चालवून बघा आणि मग बोलू. आकड्यांत फरक दिसेल, बोटांना जाणवणार नाही. बोटांना जाणवतात त्या जाहिराती.

आता चौथा, "बँका आणि सरकारी साइट क्रोमशिवाय चालत नाहीत." याच्यावर मी जरा चिडूनच लिहिणार आहे, कारण हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलंय, फक्त तेव्हा त्यात क्रोमच्या जागी इंटरनेट एक्सप्लोरर होता. आठवतंय का, साइटच्या तळाशी 'बेस्ट व्ह्यूड इन इंटरनेट एक्सप्लोरर' असं लिहिलेलं असायचं? मराठी पेपरांच्या साइट त्यांच्या त्यांच्या फॉन्टमध्ये असायच्या, एक्सप्लोररमध्ये नीट दिसायच्या आणि फायरफॉक्समध्ये उघडल्या की अग्रलेखाच्या जागी नुसती 'ÖÖê' 'Æü' असली किडामुंगी. युनिकोड, म्हणजे सगळीकडे अक्षरं सारखीच दिसायची पद्धत, आलं तेव्हा सुटलो. त्या काळात एक्सप्लोररचा वाटा ९० टक्क्यांच्या वर होता, आणि स्पर्धाच नाही म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टने काय केलं? सहावी आवृत्ती २००१ ला काढली आणि सातवी थेट २००६ ला! पाच वर्षं. मध्ये २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स १.० आला, लोक तिकडे जायला लागले, तेव्हा कुठे ती मंडळी जागी झाली. तेव्हा सगळ्यांनी 'बदलून काय दिवे लागणार' म्हटलं असतं तर? आणि शेवटी जून २०२२ मध्ये एक्सप्लोरर निवृत्त झाला तेव्हा त्याच्यासाठीच बांधलेल्या साइटवाल्यांची पळापळ झाली ती झालीच.

आणि 'चालत नाही' म्हणजे नक्की काय होतं तेही सांगतो. प्रत्येक ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो, एक ओळ पाठवतो. क्रोमची ओळख 'मोझिला' पासून सुरू होते, मग त्यात अ‍ॅपलवेबकिट येतं, मग कंसात 'केएचटीएमएल, लाइक गेको', मग क्रोम, मग सफारी. म्हणजे सगळ्या खानदानाची नावं घेतो, कारण पूर्वी साइटवाले नाव बघूनच दार उघडायचे म्हणून प्रत्येकाने पुढच्याचं नाव लावून घेतलं. अजूनही कित्येक साइट तेवढंच बघतात. मागे एका पोर्टलवर फॉर्म भरत होतो, 'कृपया क्रोम वापरा' म्हणून पाटी आली, मी एक्स्टेन्शनने ती ओळख क्रोमची करून टाकली आणि तोच फॉर्म त्याच फायरफॉक्समधून मुकाट्याने भरला गेला, पावती पण निघाली. दर वेळी जमतं असं नाही, काही ठिकाणी खरंच अडतं. तेव्हा मी क्रोम उघडतो. दोन ब्राउझर ठेवायला कोणी भाडं मागत नाही हो! इंग्रजी पान मराठीत करून वाचायचं असलं तरी आत्यासाठी क्रोमच बरा पडतो.

"पासवर्ड-बुकमार्क सगळं उडतं." काही उडत नाही, नवीन ब्राउझर टाकला की पहिल्यांदा तोच विचारतो, जुन्यातून आणू का म्हणून. बुकमार्क एका मिनिटात येतात. पासवर्डसाठी क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंगमध्ये एक्सपोर्ट आहे, त्यातून सीएसव्ही फाइल निघते, ती नव्यात आणायची. पण इथे खरी भीती आहे जी त्या मेसेजमध्ये लिहिलेलीच नाही: त्या फाइलमध्ये तुमचे सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत असतात, एक्सेलमध्ये उघडा, रांगेने वाचा. माझ्या एका भावाची ती फाइल आठ महिने ऑफिसच्या मशीनवर डाऊनलोडमध्ये पडून होती. आणली की लगेच डिलीट करा, रिसायकल बिनमधून पण, आणि फोनवर किंवा क्लाउडवर तिची कॉपी गेली नाही ना बघा. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन) वापरत असाल तर त्या या फाइलमध्ये येत नाहीत, त्या नव्याने कराव्या लागतात. आणि पहिला दिवस सगळीकडे पुन्हा लॉगिन आणि ओटीपी, तेवढा वैताग धरून चाला.

बाकी ब्राउझर बदलणं आपल्या लोकांना झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी २९ जून २०२० आठवा. केंद्राने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझर होता, जो एकेकाळी आपल्याकडे मोबाइलवर क्रोमच्याही पुढे होता. लोकांनी दुसरं काहीतरी उघडलं आणि कामाला लागले. त्याच्याही आधीचा ऑपेरा मिनी घ्या, त्याच्यात मराठी चौकोन चौकोन दिसायचं म्हणून पत्त्याच्या जागी ऑपेरा-कॉन्फिग टाइप करून खाली 'बिटमॅप फॉन्ट्स' वालं येस करायचं, हे कॉलेजातल्या पोराने गावातल्या पोराला शिकवलेलं असायचं. ज्यांनी ते केलंय त्यांना बुकमार्क आणता येणार नाहीत?

"प्रायव्हसी पाहिजे तर इन्कॉग्निटो." इन्कॉग्निटोचा उपयोग घरातल्यांपासून हिस्ट्री लपवायला, साइट आणि इंटरनेटवाला यांना सगळं दिसतंच, तसं त्या काळ्या पानावरच लिहिलंय. यावरून गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत केस झाली आणि २०२४ मध्ये तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल करावं लागलं. एका साइटवरून दुसरीवर आपल्या मागे फिरणाऱ्या कुकीजचं (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) म्हणाल तर सफारीने त्या २०२० मध्ये बंद केल्या, फायरफॉक्सने २०२२ पासून सगळ्यांसाठी प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला घेतल्या. गूगलने २०२० मध्ये म्हटलं होतं की दोन वर्षांत काढतो, मग तारीख पे तारीख, आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडून दिला.

राहिला सातवा, "भारतीय ब्राउझर घ्या." जरूर घ्या. झोहोचा उला आहे, सरकारने भरवलेल्या ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये पहिला आला, एक कोटीचं बक्षीस मिळालं. पण तो क्रोमियमवर बांधलाय! म्हणजे पहिल्या मुद्द्यात जे 'आतून क्रोमच, बदलून उपयोग नाही' होतं तेच सातव्यात चालतंय. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज वरपासून खालपर्यंत एकदा तरी वाचला होता का?

आत्याच्या लॅपटॉपवर आता क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही आहेत. लाइट बिल आणि भाषांतर एकात, बाकी सगळं दुसऱ्यात. काल फोनवर विचारत होती, "ही पोथीची लिंक कोल्ह्यात उघडू का गोलात?"

कोल्ह्यात, म्हटलं.