धंद्याचं नाव काय?

मी उद्योजिका आहे हे मला जानेवारीत टपालाने कळलं. 2024च्या अमेरिकन निवडणुकीत काउंटीसाठी, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनासाठी, मतदान केंद्रावर काम केलं होतं. पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्रायमरी, मुख्य दिवसाआधीचं अर्ली व्होटिंग आणि नोव्हेंबरचा तो अखंड दिवस मिळून 640 डॉलर. त्याचा टॅक्ससाठीचा कागद आला तो पगारदाराचा डब्ल्यू-2 नव्हे, 1099-एनईसी. म्हणजे हा पगार नाही, कंत्राटदाराची कमाई.

आमच्याकडची निम्मी मराठी मंडळी टॅक्स घेऊन एका काकांकडे जातात. काका निवृत्त सिव्हिल इंजिनियर. फी घेत नाहीत, पण त्या बदल्यात अपमान करण्याची मुभा घेतात.

"बोल, धंद्याचं नाव काय?" लॅपटॉपवरची नजर न काढता काका म्हणाले.

"काका, धंदा कुठला? मी मतदारांची नावं यादीत शोधत होते."

"ते मला नको सांगूस, धंद्याच्या हिशेबाचा फॉर्म, शेड्यूल सी, विचारतंय. नाव नसेल तर कोरं सोडू. धंदा याच वर्षी सुरू केलास ना?"

"सुरू नाही केला हो!"

"मग आधीपासून होता? मागच्या वर्षी दाखवला नाहीस तो?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. मी घाईघाईने याच वर्षी सुरू केला.

"वर्षाअखेर माल किती शिल्लक?"

"मतदान केल्याचे स्टिकर उरले होते," मी वैतागून म्हटलं. काकांची बोटं थांबली.

"मालकी कुणाची? तुझी की काउंटीची?"

"काउंटीची."

"मग शून्य."

पुढे व्यवसायाचा कोड. काका यादीत बराच वेळ खाली खाली जात राहिले. केटरिंग झालं, कुत्र्यांची निगा झाली, लोकशाही काही सापडेना. शेवटी त्यांनी 999999 टाकला. कुठेच न बसणाऱ्यांसाठी तो ठेवलाय म्हणे. नागरिकत्वाची शपथ घेऊन एवढी वर्षं झाली, आता कुठे माझी अधिकृत वर्गवारी लागली.

"धंद्याच्या कामकाजात तुझा प्रत्यक्ष सहभाग होता का?"

इथे माझा तोल गेला. पहाटे पाचला अंधारात जाऊन मशीनच्या सीलचे नंबर कागदाशी ताडून पाहिलेत. एक आजोबा चुकीच्या केंद्रावर येऊन "मी कायम इथेच मत देतो" म्हणून खुर्ची टाकून बसले, त्यांच्याकडून प्रोव्हिजनल, म्हणजे पात्रता तपासून मग मोजायच्या, मतपत्रिकेचं पाकीट भरून घेतलंय, सही चुकीच्या रेघेवर केली म्हणून पुन्हा एकदा. रात्री सगळ्या आकड्यांचा मेळ बसेपर्यंत कुणाला घरी सोडत नाहीत. सहभाग होता का म्हणे!

"म्हणजे 'हो'," काका म्हणाले आणि टिचकी मारली.

"अहो, तिच्या थर्मासचे पैसे वजा करा," काकू आतून ओरडल्या.

"गाडीचे मैल पण सांग. 67 सेंट मैलाला." काकांना आता रंग चढला होता. तेवढ्यात पडद्यावर स्वयंरोजगार कर, म्हणजे धंदेवाल्याची सोशल सिक्युरिटी वगैरे सरकारी योजनांची कापणी, आला, 15.3 टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे 90 डॉलर. थर्मास काही एवढा महाग नव्हता.

मग मीच आयआरएसची, म्हणजे अमेरिकन कर खात्याची, पुस्तिका 525 उघडली. त्यात लख्ख लिहिलंय: मतदान केंद्रावरच्या कामाचा मोबदला डब्ल्यू-2वर यायला हवा आणि तो पगाराच्या ओळीत, 1-ए मध्ये दाखवायचा. आयकर लागतोच, तो मी भरतेही. पण 2024साठी निवडणूक कामगाराला सोशल सिक्युरिटीची कापणी 2,300 डॉलरपासून पुढे लागू होते, मी त्याच्या आसपासही नाही. त्याच पुस्तिकेत लाचखाऊंनाही सूचना आहेत. चोरांनाही: चोरलेली वस्तू त्याच वर्षी मूळ मालकाला परत केली नाही, तर तिची बाजारभावाने किंमत उत्पन्नात धरावी. चोराला कुणी धंद्याचा चुकीचा कागद पाठवत नसणार.

काउंटीला फोन केला. "आम्ही करविषयक सल्ला देत नाही." मी सल्ला मागितलाच नव्हता, बरोबर फॉर्म मागितला होता. नाव-पत्ता घेतला, कळवतो म्हणाले. कळवलं ते एवढंच, की पुढच्या निवडणुकीला माणसं कमी पडताहेत, आपण याल ना? एका सीलचा आकडा चुकला तर ह्यांना तीन सह्या लागतात, आणि माझ्या कागदाचं नाव चुकलं तर कुणालाच काही लागत नाही.

शेवटी मी काकांना शेड्यूल सी पुसायला लावलं आणि 640 पगाराच्या ओळीत घातले. काकांनी ते अत्यंत नाराजीने केलं. एवढा चांगला धंदा माझ्या हट्टापायी बुडाला होता.

"नोटीस आली," ते लॅपटॉप मिटत म्हणाले, "तर माझं नाव सांगू नकोस."